गाऱ्हाणं

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावच्या घराच्या दारात आली, तसा विनीत दोन पावलं मागे सरला. रत्नागिरीच्या कोर्टातली वकिली सोडून तो मुंबईत म्युझिक कंपनीचा बडा साहेब झाला होता. पालखीपुढे पिढ्यानपिढ्या गायलं जाणारं नमन त्यानेच कंपनीच्या नावावर केलं आणि गावच्या पोरांनी यूट्यूबवर टाकलेलं तेच नमन कॉपीराइटचा भंग म्हणून काढायला लावलं. आता त्याचेच काका, गावचे मानकरी, देवापुढे त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं घालणार. कोर्टात अपील तरी असतं, इथे कुठलं? काकांनी नारळ उचलला. “देवा म्हाराजा, ह्या लेकराचं काय चुकलं आसल तर पदरात घे.” “व्हय म्हाराजा!” गाव गरजलं. विनीतच्या जिवात जीव आला. काकांनी गळ्यात मृदंग अडकवला, पण थाप मारली नाही. पुतण्यासमोर हात जोडून ते म्हणाले, “वकीलसाहेब, आता वाजवू काय?” खांद्यांवरच्या पालखीत देवसुद्धा खोळंबला होता.