पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या

दोन वर्षं उन्हातान्हात माती खणली ती प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंनी, आणि शोधनिबंधावर नाव लागलं सरांचं. आयत्या बिळावर नागोबा! वर ऐकवायचे, "बाई, खणणारे पैशाला पासरी मिळतात."

तिसऱ्या वर्षी बाईंनी जंगलातल्या बारा आणि शेजारच्या शेतातल्या बारा पिशव्या, चिठ्ठ्या बांधून, मुकाट्यानं सरांच्या टेबलावर आणून ठेवल्या.

परिषदेत सरांनी छाती फुगवून जाहीर केलं, "नांगरून पिकवलेल्या शेतात सेंद्रिय कर्ब जंगलाच्या दुप्पट! आजवर आपण सगळे उलटंच शिकवत आलो."

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या मृदाशास्त्रज्ञांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षांत असं कधी पाहिलं नाही हो. पिशव्या कुणी भरल्या? चिठ्ठ्या कुणी बांधल्या?"

"मी! एकेक चिठ्ठी माझ्या हातची," सर गरजले. "दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."



शेवटच्या रांगेतून, जंगलाच्या मातीला शेताच्या आणि शेताच्या मातीला जंगलाच्या चिठ्ठ्या बांधणाऱ्या बाईंनी एकटीनंच कडकडून टाळ्या वाजवल्या.