फोन पाहण्याचा कार्यक्रम

अकोटहून निघतानाच गंगूबाईनं पोराला बजावलं होतं, "पोरगी कितीबी आवडू दे, तिथं हो म्हनू नको. 'इचार करून कळवतो' म्हनजो."

हिवरखेडला पोहोचल्यावर सागरनं पोह्यांच्या आधी आपला नवाकोरा घडीचा फोन टेबलावर ठेवला. उघडला, मिटला, परत उघडला. गंगूबाई तेवढ्यात मुलीकडे वळली होती.

"वावरात जातं काय वं बाई? ऊन सयन होते ना? साऱ्या घराचा सैपाक जमते?"

अपेक्षानं तिन्ही वेळा मान हलवली. मोठी माणसं चहाला लागल्यावर तिनं फोनकडे बोट दाखवत सागरला हळूच विचारलं, "हा वावरात जाते काय?"

"छे! मातीचा कण गेला तं बिजागरी खराब होते त्याची."

"ऊन सयन होते?"

"तापते लवकर."

"हातातून पडला तं?"

"पडूच देत नाही मी त्याले."

"मंग एवढा महागाचा काहून घेतला?"

"चार लोकायत बरा दिसते."

अपेक्षानं फोन उचलून उलटापालटा करून पाहिला, अलगद मिटला आणि त्याच्या हातात ठेवला.

"दिसाले तं चांगला हाय," ती म्हणाली. "आमी इचार करून कळवतो."