फुलीची गोळी

बारा वर्षांपूर्वी पहारेकऱ्यानं ड्यूटी संपताना बंदुकीचं मॅगझिन काढलं, पण नळीत राहिलेली गोळी विसरला. बंदूक रिकामी समजून आभाळाकडे धरली, चाप ओढला, आणि गोळी सुटली. ती पडल्याचा आवाज कुणीच ऐकला नाही. तेव्हापासून तो हेल्मेटशिवाय उघड्यावर पाऊल टाकत नसे.

"बाबा, पुरे झालं हे डोक्यावर भांडं घालून फिरणं!" विज्ञान शिकवणारी लेक म्हणाली. "हवा गोळीचा वेग कमी करते, तिला अधांतरी धरून ठेवत नाही. मिनिटभरात पडली ती. कुणाला लागली असती तर बोभाटा झाला नसता?"

त्याच्या जिवात जीव आला. भर दुपारी तो उघड्या डोक्यानं अंगणात गेला. टाळूला ऊन लागलं तसा लहान मुलासारखा हसला.

तेवढ्यात वरून काहीतरी पिसासारखं हळूहळू खाली आलं. त्यानं नकळत हात पुढे केला.

गोळी होती. आपल्या प्रत्येक गोळीवर तो कानशीनं फुली कोरायचा, तीही टोकावर होती.

"आली गं एकदाची! कुणाला लागली नाही," तो सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाला, आणि गोळी या हातातून त्या हातात टाकू लागला. नुकतीच झाडल्यासारखी ती अजून गरम होती.