मुलीसाठी माउस

“मुलीसाठी हवाय,” दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. “शूटिंगचे गेम खेळते ती. फार महागातला नको.”

दुकानदाराने कपाटातून तीन माउस काढून काउंटरवर मांडले. एकाच्या पोटात रंगीत दिवे लागत होते.

“दिवे नकोत. दिव्यांचे पैसे सेन्सरमधून कापलेले असतात. वायरचा चालेल, पण वायर मऊ हवी. ओढ बसली की नेम हलतो.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. “मग हा घ्या. सोळा हजार डीपीआयपर्यंत जातो, नुसतं बोट हललं की बाण पळतो.”

“एवढं करायचंय काय? मी आठशेवर...” डॉक्टर थांबल्या. “ती आठशेवरच खेळते.”

“हात केवढा आहे तिचा?”

डॉक्टरांनी माउसवर आपला हात ठेवला. तळवा टेकला नाही, फक्त बोटांची टोकं. दवाखान्यात तोंडात घालायच्या आरशाची दांडी त्या अशीच धरायच्या. माउस हलका होता. उचलून ठेवला तेव्हा आवाजही झाला नाही.

“माझ्याएवढाच,” त्या म्हणाल्या.

“अगंबाई, डॉक्टर तुम्ही?”

मागे मुलीच्या गणिताच्या बाई उभ्या होत्या, हातात प्रिंटरच्या शाईची बाटली घेऊन. “दाढ गप्प आहे हं आता,” म्हणत त्यांनी काउंटरवर नजर टाकली. “हे काय, नवा कॉम्प्युटर घेताय?”

“छे, गेमचं गिऱ्हाईक आहे,” दुकानदार खुशीत म्हणाला. “यांची मुलगी. पक्की खेळाडू दिसतेय.”

“तुमची?” बाईंचा चेहरा उतरला. “वर्गात तोंडातून शब्द निघत नाही तिच्या. ती गोळ्या घालते?”

डॉक्टरांनी माउसचं खोकं उचललं आणि त्यावरचा मजकूर वाचायला घेतला. “काय सांगू, बाई. रोज जेवणं झाली की दार लावून बसते. कुणाचं ऐकत नाही.”

दार लावून बसण्यापुरतं ते खरं होतं. दाराच्या आत मुलगी नव्हती, एवढंच.

तेवढ्यात मुलगी गाडी लावून आत आली, हेल्मेट काखेत.

“ये, तुझंच चाललंय,” बाई म्हणाल्या. “तरीच हल्ली वर्गात डोळे तारवटलेले असतात. अगं, स्पर्धेला चौघांना न्यायचंय मला. तुझं नाव पक्कं धरलं होतं. आणि तू माणसं मारत बसतेस?”

मुलीने आईकडे पाहिलं. त्या स्पर्धेची गणितं सोडवतानाच तिचे डोळे तारवटले होते. आई खोक्याची मागची बाजू वाचत होती.

मुलीने थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, “चुकलं, बाई.”

डॉक्टरांनी खोकं खाली ठेवलं. “ती नाही खेळत,” त्या म्हणाल्या. “मी खेळते. माउस माझ्यासाठी आहे.”

बाईंना हसू आवरेना. “पुरे हं, डॉक्टर. पोरीला पाठीशी घालायलाही काही धरबंध हवा.”

“खरंच सांगतेय.”

“मग दाखवा खेळून.” माल पारखून घ्यायला दुकानाच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर मांडलेला होता. बाईंनी तिकडे बोट केलं. “जमलं तुम्हाला, तर मी इथंच पोरीची माफी मागते.”

दुकानदाराने हौसेने खुर्ची ओढली, माउस जोडला आणि गेममधलं सरावाचं मैदान लावलं. पलीकडे कीबोर्ड बघणारे दोघे वळले. त्यांतल्या एकाला डॉक्टरांनी नुकतीच कवळी बसवली होती. तो ती सगळी दाखवत म्हणाला, “जपून, डॉक्टर. आम्हाला तुमच्यापुढे तोंड उघडायचं असतं.”

डॉक्टर बसल्या. पडद्यावर लाकडी खोक्यांआडून पुतळे वर येऊ लागले. पहिला डावीकडे. डोळ्यांनी पाहिला तेव्हा हात निघालाही होता. पडद्याच्या काचेत दिसलं, मागे कुणीतरी व्हिडिओ काढायला मोबाईल वर धरला होता. डॉक्टरांना दवाखान्यातलं बाक दिसलं, त्यावर दाटीने बसलेली माणसं दिसली, आणि त्यांच्या हातातून हातात जाणारा तो मोबाईल.

त्यांनी हात थांबवला नाही. नेमाची खूण पुतळ्याच्या पलीकडे बोटभर सरकू दिली आणि मग बटण दाबलं.

भिंतीचा टवका उडाला. दुसरा पुतळा आला, तिसरा आला. प्रत्येक गोळी पुतळ्याच्या कडेपासून अगदी तेवढ्याच अंतरावरून गेली.

दुकानात हशा पिकला, तोही मायेचा. कवळीवाल्याने टाळी वाजवली. बाईंनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“पाहिलंस?” त्या मुलीला म्हणाल्या. “तुझ्यापायी चार लोकांत हसं करून घेतलं आईनं. यंदा मी दुसऱ्या कुणाला नेते. पुढच्या वर्षी बघू, सुधारलीस तर.”

“हो, बाई.”

शाईचे पैसे चुकते करून बाई गेल्या. कीबोर्डवाले पुन्हा कीबोर्ड बघू लागले. डॉक्टर खुर्चीतून उठल्या नाहीत. पडद्यावर पुतळे अजून येत-जात होते.

“हाच देऊ ना?” दुकानदाराने विचारलं. “की मुलगी एकदा हातात धरून बघतेय?”

मुलगी पुढे आली. हेल्मेट टेबलावर ठेवून तिने माउसची वायर सोडवली आणि नीट गुंडाळायला लागली.

“निदान डावीकडचा तरी मारायचास,” ती हळूच म्हणाली. “तो हलतसुद्धा नव्हता.”