चाचणीची विद्यार्थिनी

२००६ साली विद्यापीठात मुलांचं काम ऑनलाइन जमा करून घ्यायचं सॉफ्टवेअर आलं. ते घ्यावं की नको, हे ठरवायचं काम विशाखा धनवडे मॅडमांच्या गळ्यात पडलं. चाचणीसाठी एक खोटी विद्यार्थिनी हवी, म्हणून त्यांनीच मनानं एक नाव टाकलं, दानेश्वरी.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरीनं निबंध जमा केला होता.

कुणीतरी चेष्टा करतंय, म्हणून मॅडमांनी पासवर्ड बदलला आणि शेरा मारला, 'पुस्तकातलं उतरवलंय. स्वतःचं लिही.'

तिनं स्वतःचं लिहिलं. 'मला खोटी म्हणू नका.'

"झकास चाललंय की सगळं," विभागप्रमुख अमरेश सर म्हणाले. "सही करा मॅडम, कंपनीचं पावणं चहाला बसल्यात."

"जी पोरगीच न्हाय ती लिवतीया, आणि मी सही करू? न्हाय जमायचं."

सर तणतणत निघून गेले. भर दुपारी रिकाम्या लॅबमध्ये मॅडम एकट्या उरल्या. त्यांनी दानेश्वरीचं नाव काढून टाकलं. ते परत आलं, आणि सोबत एक फोटो आला.

फोटोत हीच लॅब होती. कॉम्प्युटरसमोर पाठमोऱ्या मॅडम, हीच निळी साडी, हाच सैल अंबाडा. लॅबमध्ये कॅमेरा नव्हता. फोटोच्या खालच्या कडेला, बाकावर टेकवलेले दोन अनवाणी पाय दिसत होते.

वर्ग सांभाळण्यात मॅडमांचे केस पिकले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"पाय खाली घे," त्या म्हणाल्या. "वर्ग हाय ह्यो."

मागच्या बाकावरून एक पाय फरशीवर आला. मग दुसरा.