कल्ला आणि हिरडी

डॉक्टरांनी सुरमईचा कल्ला उचलून पाहिला. आत लालभडक. घाटावरून मालवणात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, आणि ताजा मासा कसा ओळखायचा हे मासेवाल्या चंद्रावतीनेच त्यांना शिकवलं होतं. ते खूश झाले आणि भाव पाडायला लागले.

"सकाळची आसा, डॉक्टरानू! फसवलंय तर माजा तोंड झडांदे!" चंद्रावतीने शपथ घेतली ती चांगली आ वासून.

डॉक्टरांची नजर माशावरून तिच्या तोंडात गेली.

"बाई, जरा तोंड उघडा बघू."

गिऱ्हाइकाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिने भर बाजारात तोंड उघडलं.

"हिरड्या केवढ्या लाल झाल्यात!"

"लालच आसतले!" ती ठसक्यात म्हणाली. "मी काय शिळी आसंय?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

"माशाचं वेगळं, माणसाचं वेगळं. निरोगी हिरडी फिकी असते. तुमचे दात शाबूत आहेत, पण त्यांना धरून ठेवणारं मांसच सुटत चाललंय. ती तंबाखूची मिशरी घासणं सोडा. नाहीतर पुढचे दात हातात येतील."

चंद्रावतीने जीभ हळूच पुढच्या दातांवरून फिरवली. पुढचा एक दात जिभेने ढकलला की हलतो, हे तिला शिमग्यापासून ठाऊक होतं. एरवी तिची आरोळी आगबोटीच्या भोंग्यालाही हार जायची नाही. आणि शेजारी बसणारी बोळक्या तोंडाची तुळसा दिवसभर "हुरमय घेवा, हुरमय" ओरडायची, तिची नक्कल करून बाजाराला पोट धरधरून हसवलं होतं ते चंद्रावतीनेच.

तुळसा कान टवकारून सगळं ऐकत होती. "होड गो बाय ती मिहरी!" ती मायेने म्हणाली.

ती माया चंद्रावतीला फार झोंबली. तिने डॉक्टरांच्या हातातली सुरमई हिसकावून घेतली, टोपलीच्या तळातून कालची एक काढली आणि तिचा कल्ला वर करून त्यांच्या नाकाखाली धरला. आत पांढराफटक.

"लाल ती आजारी, तुमीच म्हणालात. ही घेवा, निरोगी!"

सगळा बाजार खदखदून हसला. डॉक्टरही हसले. चंद्रावतीही हसली, पण तोंडाला पदर लावून.