संध्याकाळचा सीन

“कट!” ती म्हणाली. “आई, इथे किंचाळायचं आहे. संहितेत तसं लिहिलंय.”

“किंचाळले की गं.”

“हाक मारलीस. किंचाळली नाहीस.”

आईने मान डोलावली आणि चहाचा कप घेऊन निमूटपणे पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. गेल्या वर्षी बाबा याच खोलीत, याच आरामखुर्चीत गेले होते. आता तिथे नाट्यविभागातला एक आडदांड पोरगा केसांना पावडर फासून मेला होता. मेल्या मेल्या त्याला दोनदा डुलकी लागली आणि एकदा तर तो चक्क घोरला. आवाज टिपायचं काम एका वर्गमित्राकडे होतं, त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याने हेडफोन न काढताच मयताला पायाने ढोसलं. सगळे हसले. आईसुद्धा हसली. लेक मात्र मॉनिटरकडे बघत राहिली.

तिला हसू येत नव्हतं, तसं रडूही येत नव्हतं. बाबा गेल्यापासून तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीर कसला आलाय! दाढ काढताना सुई टोचली की ओठ आपला वाटेनासा होतो, तशी ती आतून बधिर झाली होती, आणि याचीच तिला भीती वाटायची. आपण बाबांसाठी कधी रडणारच नाही की काय? विद्यापीठात पटकथालेखन आणि डिजिटल चित्रपटनिर्मितीच्या शेवटच्या वर्षाला फिल्म करायची वेळ आली, तेव्हा तिने मुद्दाम बाबांचं जाणं निवडलं. लिहिताना तरी बांध फुटेल असं वाटलं होतं. संहिता लिहून झाली, शूटिंग झालं, संकलनही झालं. बांध आपला जागच्या जागी.

सरांनी फिल्म पाहिली आणि चष्मा पुसत म्हणाले, “काम चोख आहे. पण घरातलं माणूस गेलंय असं वाटतच नाही गं. तो एक सीन पुन्हा घे. नाहीतर मी ही पास करणार नाही.”

पहिल्या वेळी आईचं काम एका नटीने केलं होतं. ती झकास किंचाळली होती. या वेळी तिने आईलाच विचारलं. आई म्हणाली, “तुझं अडलंय ना? मग करते की.”

बाबा गेले त्या दिवशी ती सकाळीच घराबाहेर पडली होती. एका सीनियरच्या फिल्मवर मदतनीस होती. पॅक-अप झालं, सामान टेम्पोत चढलं, दिवे लागले आणि मग आईचा फोन आला. म्हणून या सीनच्या डोक्यावर तिने लिहिलं होतं: घर, आतील दृश्य, संध्याकाळ. आता बाहेर दुपारचं रणरणतं ऊन होतं. खिडकीवर काळं कापड ठोकलं होतं आणि कोपऱ्यातल्या दिव्याला नारिंगी कागद लावून संध्याकाळ केली होती.

“ॲक्शन.”

आई चहा घेऊन आली. खुर्चीपाशी थबकली. मग वळून खिडकीकडे बघायला लागली. प्रत्येक टेकला हेच चाललं होतं.

“आई, सारखी खिडकीकडे काय बघतेस? काही नाहीये तिथे.”

“तेच तर,” आई म्हणाली. “ऊन हवं ना तिथे.”

“ऊन?”

“ऊन येत होतं त्यांच्या तोंडावर. मला वाटलं, झोप लागली असेल. म्हणून आधी पडदा ओढायला गेले. चहा द्यायला परत आले, तेव्हा कळलं. किंचाळणार कशी? घरात ऐकायला होतं कोण?”

“तुझा गोंधळ होतोय. तुझा फोन आला तेव्हा अंधार पडला होता.”

“हो, फोन अंधार पडल्यावरच केला. ते दुपारीच गेले.”

खुर्चीतल्या मयताने एक डोळा उघडला. कानसेनने हेडफोन मानेवर ओढले. कॅमेरा चालूच होता, कारण तो थांबवायला कोणालातरी कट म्हणावं लागतं आणि ती काही म्हणत नव्हती.

“आणि डॉक्टर?” तिने विचारलं. आवाज तसाच कोरडा होता, उद्या शूटिंगला किती वाजता यायचं ते विचारावं तसा.

“लगेच येऊन गेले. म्हणाले, मुलीला कळवा. म्हटलं, कळवते.”

“मग कळवलं का नाहीस? इतका वेळ काय करत होतीस?”

“बसले होते त्यांच्यापाशी.” आईने कप जपून टेबलावर ठेवला. “अगं, तू पहिल्या वर्षाला असताना माझा फोन आला आणि कोणाचातरी चांगला शॉट वाया गेला. केवढी बोलली होतीस मला तेव्हा! म्हटलं, हे गेले ते गेले, पोरीचं काम कशाला नासवा? उजेड गेला की पॅक-अप, असं सांगून गेली होतीस सकाळी. मग उजेड जायची वाट बघत बसले.”

ती मटकन मॉनिटरसमोरच्या पेटीवर बसली. आई लगबगीने जवळ आली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि इतके दिवस विचारायचं राहून गेलेलं हलक्या आवाजात विचारून टाकलं.

“त्या दिवशीचा शॉट तरी चांगला आला होता ना गं?”